तुम्ही विचारलंत म्हणून: नाटक संपल्यावर आम्ही गोल का करतो?

आमच्या ग्रुपचा प्रयोग झाला की कोणीतरी येऊन विचारतंच, की ताई तुम्ही नाटकानंतर चर्चा का ठेवत नाही, आणि हे सगळ्यांना गोलात बसवून आपापली गोष्ट सांगायला लावायचं खूळ कुठून आणलंत. खुर्च्या उचलता उचलता सांगण्यासारखं ते नाहीये, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. हे आम्ही शोधलेलं नाही. हे आलंय अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कृष्णवर्णीय नाटक कंपनीकडून, फ्री सदर्न थिएटर तिचं नाव. १९६३ मध्ये सुरू झाली, १९८० मध्ये थांबली. ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक नाटकांचा इतिहास वाचलात तर त्यात कदाचित तिचा उल्लेखही सापडणार नाही, पण मला विचाराल तर नाटक कोणासाठी करायचं या प्रश्नाशी इतक्या प्रामाणिकपणे झगडलेल्या कंपन्या फार थोड्या.

आधी मिसिसिपी राज्यात तेव्हा काय चाललं होतं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. राज्याच्या लोकसंख्येत काळ्या लोकांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आणि त्यातल्या मतदार यादीत नाव असलेल्यांचं प्रमाण सात टक्क्यांहूनही कमी. नाव नोंदवायला गेलं की परीक्षा, राज्यघटनेचं एखादं कलम पुढे टाकून म्हणणार याचा अर्थ लिही, आणि पास की नापास हे ठरवणार समोरचा गोरा क्लार्क. एवढं करूनही हिंमत केलीच तर दुसऱ्या दिवशी काम गेलेलं, राहतं घर गेलेलं, कधी रात्री घरावर गोळीबार. १९६३ च्या जूनमध्ये जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्याला त्याच्या स्वतःच्या घरासमोर गोळी घालून मारलं.

त्याच वर्षी त्याच जॅक्सनमध्ये तीन तरुण मंडळी भेटली. डोरिस डर्बी न्यूयॉर्कची, जॅक्सनजवळच्या काळ्या विद्यार्थ्यांच्या टूगलू कॉलेजमध्ये प्रौढ साक्षरतेच्या कामासाठी आलेली, पुढे फोटोग्राफर म्हणूनही नाव झालं तिचं. जॉन ओनील इलिनॉयचा, स्निक या त्याच चळवळीतल्या विद्यार्थी संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता. आणि गिल्बर्ट मोझेस क्लीव्हलंडचा, तो मिसिसिपी फ्री प्रेस नावाच्या चळवळीच्या पेपरात बातमीदार होता. तिघांनाही नाटकाचं वेड. ओनीलला तर वाटत होतं की दक्षिणेतलं काम उरकून आपण न्यूयॉर्कला जाऊ, नाटककार होऊ. डोरिसचं म्हणणं वेगळं होतं, नाटकाला जगात कुठेही काही अर्थ असेल ना, तर तो इथे असायलाच पाहिजे. त्यातून टूगलू कॉलेजचा आधार घेऊन कंपनी उभी राहिली, आणि पहिल्यापासून ठरलं की तिकीट नाही. कापूस वेचून पोट भरणाऱ्या माणसाकडे तिकिटाचे पैसे कुठून येणार? खर्चाला पैसे उत्तरेतल्या देणग्यांमधून आणायचे, चर्चमध्ये, शाळेत, अर्धवट बांधलेल्या सभागृहात, नाहीच काही मिळालं तर शेतात किंवा कोणाच्या अंगणात प्रयोग करायचा.

१९६४ चा उन्हाळा म्हणजे तिथला फ्रीडम समर, उत्तरेतून शेकडो विद्यार्थी मतदार नोंदणीला मदत करायला आले होते आणि सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. अशा वातावरणात या लोकांनी पहिलं नाटक काढलं, मार्टिन डुबरमन यांचं 'इन व्हाइट अमेरिका'. जुनी पत्रं, गुलामांच्या आठवणी, कोर्टातल्या साक्षी, असल्या खऱ्या कागदांवरून बांधलेलं नाटक आहे ते. आणि प्रयोगात झालं काय, की बघणाऱ्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात कधी नाटक पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रेक्षकाने गप्प बसायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. ते मध्येच बोलायचे, चर्चमध्ये प्रवचनाला दाद देतात तशी दाद द्यायचे, नटांबरोबर गायला लागायचे. गुलामाची साक्ष चालू असताना समोरची म्हातारी हुंकार भरणार, कारण हे तिने आजीकडून ऐकलेलं असायचं. शहरात शिकून आलेल्या नटांना हे सगळं नवीन होतं. मला या कंपनीची सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच सुरू झालेली दिसते.

पुढच्या दौऱ्यात त्यांनी दोन नाटकं घेतली, एक ओसी डेव्हिस यांचं 'पर्ली व्हिक्टोरियस', हसवत हसवत गोऱ्या जमीनदाराची फजिती करणारं, आणि दुसरं थेट आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'. गोदो! मिसिसिपीच्या खेड्यात! आजही हे सांगितलं की लोक तोंडाकडे बघतात. दोन माणसं एका झाडाखाली कोणाची तरी वाट बघतात आणि तो येत नाही, बस. हे पहिल्यांदा झालं पॅरिसमध्ये, तेव्हा तिथल्या लोकांनाही झेपलं नव्हतं. आणि कंपनीतही यावरून खूप वाद झाले, की हे कशाला, लोकांच्या जगण्याशी याचा संबंध काय. काही गावांत लोक खरंच कंटाळले, उठून गेले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण रूलव्हिल गावच्या प्रयोगाला फॅनी लू हेमर आल्या होत्या. या बाई शेतमजूर, १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून मळ्यावरच्या घरातून हाकललेल्या, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी दिलेली साक्ष देशभर गाजलेली. प्रयोगात त्या उठून जे बोलल्या त्याचा आशय असा, की अशी माणसं आपण रोज नाक्यावर बघतो, कशाची तरी वाट बघत बसलेली, पण बसून राहून काही होत नाही, कोणी काही आणून देणार नाही, उठून झगडावं लागतं. मला नाही वाटत गोदोबद्दल इतकं नेमकं आणि इतक्या हक्काने फार लोक बोलले असतील. जाडजाड पुस्तकं आहेत त्या नाटकावर, मी त्यातली थोडीफार वाचलीयेत, पण मी जेव्हा कोणाला गोदो समजावून सांगते तेव्हा हेमर यांच्यापासूनच सुरुवात करते.

आता धोक्याचं सांगायचं तर ते रोजचंच होतं. गोरे आणि काळे कलाकार एका गाडीतून फिरतात एवढंच तिथे गुन्हा वाटायला पुरेसं होतं. शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात डीकन्स फॉर डिफेन्स ही काळ्या लोकांची सशस्त्र स्वसंरक्षण संघटना पहाऱ्याला असायची. जेम्स क्रॉमवेल हा पुढे हॉलिवूडमध्ये प्रसिद्ध झालेला नट तेव्हा या कंपनीत होता, गोरा मुलगा. रिचर्ड शेक्नर, ज्यांचं नाव नाटकाचा अभ्यास करणाऱ्यांना माहीत असतंच, ते तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात शिकवत होते आणि कंपनीचे एक प्रमुख होते. कंपनीने मुक्काम न्यू ऑर्लिन्सला हलवला तो याच काळात.

आणि मग आतला वाद सुरू झाला, जो होणारच होता. काळ्या लोकांचं थिएटर म्हणायचं, आणि नाटकं बेकेटची, जर्मन नाटककार ब्रेख्तची, निर्णय घेणाऱ्यांत गोरे प्राध्यापक, पैसा न्यूयॉर्कचा, मग यात आपल्या माणसांचं काय? १९६५-६६ मध्ये यावर कडवट भांडणं झाली, गोरे सदस्य बाहेर पडले, कंपनी पूर्णपणे काळ्या कलाकारांची झाली. मला दोन्ही बाजू कळतात, मिश्र कंपनीने एक मोठं धाडस करून दाखवलं होतं हे खरंच आहे, पण तरी मला वाटतं तो निर्णय बरोबर होता. कारण त्यानंतर टॉम डेंट आले, मूळ न्यू ऑर्लिन्सचेच, कवी, न्यूयॉर्कला काही वर्षं काढून परतलेले, आणि त्यांनी बाहेरची नाटकं दाखवत फिरण्यापेक्षा इथल्या पोरांना लिहायला बसवलं. त्या लेखन वर्कशॉपचं पुढे ब्लॅकआर्टसाउथ झालं, कलामु या सलाम यांच्यासारखा लेखक त्यातून पुढे आला. गावातली मुलं स्वतःच्या मोहल्ल्याच्या भाषेत कविता आणि एकांकिका लिहायला लागली आणि त्याच घेऊन दक्षिणेत फिरायला लागली. कंपनीकडे पैसा कायम कमीच, कधी दौरा रद्द, कधी माणसं सोडून चाललेली, सत्तरचं दशक असंच ओढत ओढत गेलं, ते मी भराभर सांगून टाकते कारण पैशाची रड सगळ्या नाटक कंपन्यांची सारखीच असते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता. सुरुवातीपासून त्यांच्या प्रत्येक प्रयोगानंतर चर्चा असायची, नाटकाइतकीच महत्त्वाची मानलेली. पण ओनीलच्या लक्षात यायला लागलं की चर्चा म्हटली की बोलतात कोण, तर ज्यांना बोलायची सवय आहे ते. शिकलेला, वाद घालायला सरावलेला माणूस उभा राहतो, मुद्दे मांडतो, दुसरा तसलाच त्याला खोडून काढतो, आणि ज्यांच्यासाठी एवढा जीव धोक्यात घालून नाटक आणलं ती माणसं मागे हाताची घडी घालून गप्प. त्यावर त्याला सुचलं ते असं, की मत विचारायचंच नाही, गोष्ट विचारायची. हे बघताना तुला तुझ्या आयुष्यातलं काय आठवलं ते सांग. मत चुकीचं आहे असं म्हणता येतं, पण माझ्या आईला त्या दिवशी काय झालं हे मी सांगितलं तर ते कोण खोडणार? यातूनच पुढे ज्याला स्टोरी सर्कल म्हणतात ती पद्धत तयार झाली, ओनीलने ती आयुष्यभर घडवली, अपॅलेचियन डोंगराळ भागातल्या गोऱ्या कष्टकऱ्यांच्या रोडसाइड थिएटरबरोबर काम करताना तर फारच.

नियम अगदी साधे आहेत. गोलात बसायचं, कोणी पुढे नाही कोणी मागे नाही. प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ, तीनेक मिनिटं. मध्ये बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. आपली पाळी आली आणि नको वाटलं तर पुढे जाऊ द्यायचं, नंतर परत विचारतात. आणि सगळ्यात अवघड नियम, दुसरा सांगत असताना आपली गोष्ट मनात जुळवत बसायचं नाही, फक्त ऐकायचं. हा शेवटचा नियम आमच्याकडे सर, मॅडम लोकांना सगळ्यात जड जातो आणि आज्जी लोकांना सगळ्यात सोपा. एका वस्तीत पाण्यावरच्या नाटकानंतर एक मावशी बोलल्या, रात्री दोनला टँकर यायचा त्या वर्षाबद्दल, त्यांच्या सुनेने मग सांगितलं की हे त्या घरातसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. माइक फिरवून "कोणाला काही प्रश्न?" विचारलं असतं तर त्या मावशी कशाला उठल्या असत्या.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, की एवढं सगळं करून ती कंपनी बंदच पडली ना? हो, पडली. १९८० मध्ये ओनीलने शेवटचं म्हणून जे केलं ते एकपात्री होतं, जूनबग जॅबो जोन्स नावाच्या माणसाच्या तोंडच्या गोष्टी. हा जूनबग स्निकच्या कार्यकर्त्यांनी कल्पनेतून उभा केलेला, साध्या माणसाचं शहाणपण ज्याच्या नावावर खपवायचे असा. त्याच नावाने ओनीलने जूनबग प्रॉडक्शन्स काढली. आणि १९८५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जुने सदस्य जमले आणि त्यांनी फ्री सदर्न थिएटरची रीतसर अंत्ययात्रा काढली, त्या शहरात जशी बँड वाजवत नाचत काढतात तशी, शवपेटीत कंपनीच्या जुन्या वस्तू ठेवून. शोक न करता निरोप, असंच त्याचं नाव होतं. त्याच निमित्ताने देशभरातले नाटकवाले आणि कार्यकर्ते जमून समाज बदलण्यात कलेचा वाटा काय यावर बोलत बसले. आपल्याकडे ग्रुप फुटतात तेव्हा कोणी कोणाशी बोलत नाही, शेवट एवढा छान करणं मला तरी दुसरीकडे कुठे दिसलं नाही. मोझेस १९९५ मध्ये गेला, टॉम डेंट १९९८ मध्ये, ओनील २०१९ मध्ये, डोरिस डर्बी २०२२ मध्ये. जूनबग प्रॉडक्शन्सची सूत्रं ओनीलनंतरच्या पिढीने घेतली, तेही न्यू ऑर्लिन्समध्येच.

काही जणांची अजून एक तक्रार असते आणि ती मला रास्त वाटते, की टीका झाली नाही तर नाटक सुधारणार कसं. तर टीका आम्हाला हवीच आहे, दुसऱ्या दिवशी फोन करा, मोठा मेसेज लिहा, आमचा दिग्दर्शक सगळं वाचतो आणि बदलही करतो. फक्त प्रयोग संपल्यानंतरचा तो अर्धा तास आम्ही त्यासाठी देणार नाही, तो ज्यांना एरवी कोणी विचारत नाही त्यांचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी घाईने निघू नका, चपला काढा आणि बसा आमच्यात.