दगडी, दुधाचा नमुना आणि कानातला बिल्ला

गाय पुन्हा दुधावर आली, पण जिल्ह्याच्या त्या प्रयोगशाळेच्या खिडकीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला व्यायल्यावर दगडी झाली, म्हणजे कास सुजली. मागच्या डाव्या सडातून पिवळसर पाणी आणि गाठी. मागच्या वेतातही तेच सड. डॉक्टर म्हणाले, अंदाजानं सडात औषधाची ट्यूब सोडण्याआधी दूध तपासायला पाठवू. जंतू कोणता आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालतं ते कळेल. नमुना औषधाच्या आधीच घ्यायचा. सड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, पहिल्या धारा सोडल्या, निर्जंतुक बाटलीत दूध घेतलं. बाटली बर्फात आणि मी मोटारसायकलवर.

खिडकीवर विचारलं, "डॉक्टरचं पत्र?" दिलं. "यावर बिल्ल्याचा नंबर कुठंय?" आता गाईच्या कानातले बारा आकडे कुणाला पाठ असतात? बायकोला फोन लावला. कास ठणकणारी गाय कानाला हात लावू देईना. नंबर आला तो एक आकडा कमी. पुन्हा फोन, तोवर साहेब जेवायला गेलेले. बर्फाचं पाणी झालं. समोरच्या रसवंतीवाल्यानं बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत. "बाटली तर फ्रिजात ठेवा, नंबर मागून देतो," म्हटलं, तर म्हणे कॉम्प्युटर पुढं जात नाही. बिल्ल्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा, आकडे स्पष्ट दिसतील असा.

जंतू वाढायला एक-दोन दिवस लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तयार रिपोर्ट सहीसाठी पडून राहतो, याला काय म्हणावं! गाईला ताप होता म्हणून डॉक्टरांनी नमुना गेल्यागेल्या उपचार सुरू केले होते, हे नशीब. रिपोर्टात निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस, पेनिसिलिनला दाद न देणारा. औषध बदललं. सड वाचलं, दूध मात्र थोडं कमीच.

अशा गाईची धार सगळ्यात शेवटी काढा, नाहीतर हातावरून रोग दुसरीला जातो. धार झाली की सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा आणि पुढं वैरण टाका. सडाचं तोंड मिटेपर्यंत अर्धा तास ती उभी राहिली पाहिजे. गाठी थांबल्या म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी बोलवायची तर १९६२ ला फोन लावा. पुढच्या वेताआधी गाईचं दूध आटवताना सडात औषध सोडायचं का, तेही डॉक्टरांना विचारा.

आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका. शेजारी म्हणाले, उकळलं की चालतं. नाही चालत, उकळून अँटिबायोटिक जात नाही.