आदेश झाला होता, ठाण्यात पोचला नव्हता

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. नवरा वरच्या दाराला लाथा घालत होता आणि मी मुलीला मोरीत बसवून दाराला पाठ लावून उभी होते. ११२ ला फोन केल्यावर वीस मिनिटांत गाडी आली. आलेल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. त्यातल्या वयस्कर हवालदारांनी त्याला जिन्यावरून खाली नेलं, मला पाणी प्यायला लावलं आणि विचारलं, "ताई, कोर्टाचा आदेश आहे म्हणताय, तो कधीचा?"

"नऊ दिवस झाले."

त्यांनी ठाण्यात फोन लावला. पलीकडचं उत्तर मलाही ऐकू आलं. "तसलं काही इकडं आलेलं नाही."

माझी प्रत वकीलबाईंच्या कपाटात होती, कोर्टाची कोर्टात. ज्यांनी तो आदेश पाळायला लावायचा, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्याने हात उचलू नये, जवळ येऊ नये म्हणून कोर्टाने दिलेला हा संरक्षण आदेश. तो मोडणं हा दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कागदच समोर नसल्यामुळे त्या रात्री त्याला समज देऊन सोडलं गेलं. तो खाली सासूबाईंच्या खोलीत झोपला आणि मी पहाटेपर्यंत दाराशी बसून राहिले.

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. अकरा वर्षं आवक-जावक माझ्याकडे आहे. कागद दिला की पोच घ्यायची, पोच नाही म्हणजे कागद दिलाच नाही, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कदाचित म्हणूनच मारापेक्षाही ते नऊ दिवस माझ्या मनात जास्त रुतून बसले.

हे सगळं सुरू झालं कानापासून. त्याने मारलेल्या थपडेनंतर डाव्या कानाने ऐकू येईना, म्हणून सासूबाई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. "पायरीवरून पडली," त्याच बोलल्या. केसपेपर लिहिणाऱ्या सिस्टरनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सासूबाईंना औषधाची चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकलला पाठवलं. मग हळू आवाजात विचारलं, "घरात कुणी हात उचलतं का?" नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी एकटीला गाठून विचारला नव्हता. मी हो म्हटलं. पोलिसात द्यायचं का, याला मात्र नाही म्हटलं. तरी डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली, 'पतीने मारहाण केल्याचे सांगते', आणि खाली तारीख घातली. त्या एका ओळीचं मोल मला पाच महिन्यांनी कळलं.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास 'दिलासा' नावाचं केंद्र याच कामासाठी सुरू झालं, हे मी नंतर वाचलं. दवाखान्यात येणाऱ्या बाईला तिथेच कुणीतरी विचारावं, ऐकून घ्यावं, पुढची वाट दाखवावी, म्हणून. त्याही आधी, १९८४ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांकडेच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. म्हणजे मदत करणाऱ्यांनी एका छताखाली बसण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. माझ्यापर्यंत मात्र त्यातलं काही पोचलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मारहाण झाली तेव्हा मी ठाण्यात गेले. एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिचा तपास पोलिस स्वतःहून करत नाहीत, आणि नंबर लिहिलेला कागद हातात मिळाला. ठाणे अंमलदार म्हणाले, "कोर्टात जा, नाहीतर दोघं मिळून या, समजावून सांगू." कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ५ आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेले अधिकारी), सेवा देणाऱ्या संस्था आणि मोफत वकील यांबद्दल पोलिसांनी सांगायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मला यातलं काहीच सांगितलं गेलं नाही.

त्यानंतर समुपदेशन, मग एक ओळखीतले वकील, मग पुन्हा ठाणे. दवाखान्यापासून धरलं तर मी माझी कहाणी सात टेबलांवर सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून. एकाने विचारलं, पहिल्यांदा कधी मारलं? मी म्हटलं, मुलीच्या बारशाच्या वेळी. दुसऱ्याने विचारलं तेव्हा मला त्याआधीची एक घटना आठवली, तीही सांगितली. दोन कागदांवर दोन तारखा पडल्या. पुढे त्याच्या वकिलांनी हेच दोन कागद शेजारी शेजारी धरून विचारलं, "यातलं खरं कुठलं?" दोन्ही खरं होतं. नऊ वर्षांच्या मारातला पहिला मार कुठला, हे कॅलेंडर पाहून कोण सांगेल? बाईला सात वेळा तेच बोलायला लावायचं आणि मग शब्द बदलला म्हणून तिला खोटं ठरवायचं, याचा त्रास मला आजही होतो.

१८१ या हेल्पलाइनवर बोललेल्या मुलीने पहिल्यांदा 'संरक्षण अधिकारी' हा शब्द उच्चारला. तालुक्यालाच असतात, म्हणाली, आणि पत्ता दिला. पंचायत समितीच्या आवारात, अंगणवाडीच्या खाऊची पोती ठेवतात त्या खोलीला लागून, एक टेबल आणि दोन खुर्च्या. मॅडमकडे दोन तालुके होते, गाडी नव्हती. तरी त्यांनी माझ्यासाठी तीन तास काढले.

त्यांनी कौटुंबिक घटना अहवाल भरायला घेतला; सगळे त्याला डीआयआर म्हणतात. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, असे भाग आहेत. त्यानंतरचा भाग आर्थिक. मॅडमनी विचारलं, "पगार कुणाच्या हातात असतो?" माझं एटीएम कार्ड लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून त्याच्या पाकिटात होतं. रोज लाखोंची रोकड मोजून मी घरी यायचे आणि रिक्षाला वीस रुपये मागायचे. हाही छळ आहे, कायद्याने त्याला रकाना दिलाय, हे पाहून मी त्या खोलीत पहिल्यांदा रडले.

मग त्यांनी दोन फोन केले. दवाखान्यातून केसपेपरची प्रत मागवली, ठाण्यातून एनसींचे नंबर घेतले. माझे सगळे कागद पहिल्यांदाच एका टाचणीत आले. त्यानंतर सुरक्षेचा आराखडा भरला. जादा किल्ली कुणाकडे, मुलीचा दाखला कुठे, रात्री हाक मारली तर शेजारचं कोण येईल. असे साधेच प्रश्न, पण ते कुणीतरी विचारावे लागतात.

वकील विधी सेवा समितीकडून मिळाल्या. मला वाटायचं, पगारदार बाईला मोफत वकील कसा देतील? बाईसाठी उत्पन्नाची अट नाही, हे ज्या मैत्रिणींना माहीत नसेल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते.

कोर्टाबद्दल थोडक्यात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. माझ्या बाबतीत नोटीस बजावण्यातच तीन आठवडे गेले, कारण हंगाम सुरू होता आणि तो ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर कुठल्या कारखान्याकडे आहे ते घरचे सांगत नव्हते. अंतरिम आदेश, म्हणजे केसचा निकाल लागेपर्यंतचा, साडेतीन महिन्यांनी झाला. वरच्या दोन खोल्यांत मी आणि मुलगी राहायचं, त्याने तिथे यायचं नाही, माझ्या कामाच्या ठिकाणी यायचं नाही, हात उचलायचा नाही. मी देवाला नारळ फोडला. मला वाटलं, संपलं.

आणि नवव्या दिवशी रात्री ती वेळ आली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आणि संरक्षण अधिकारी मॅडम कोर्टात गेलो. जावक रजिस्टरला आदेशाची नोंद होती, तारीखही त्याच दिवशीची. प्रत मात्र कोर्टातच, ठाण्याच्या टपालाच्या खणात पडून होती. ठाण्याचं टपाल न्यायला रोज येणारे अंमलदार यात्रेच्या बंदोबस्तावर होते आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. कोर्ट आणि ठाणे यांच्यात चालत सात मिनिटांचं अंतर आहे. आदेशाच्या प्रती पोलिसांना विनामूल्य द्याव्यात, हे कलम २४ मध्ये आहे, आणि कोर्टाने ती काढलीही होती. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं. मधल्या सात मिनिटांचं काम कुणाचंच नव्हतं, आणि मी मार खाल्ला असता तो त्याच सात मिनिटांमुळे.

मी मॅडमना म्हटलं, "आमच्याकडे आम्ही पोच घेतो." त्यांनी तिथेच पत्र लिहिलं, मी खाली रेघा मारून चौकट आखून दिली: प्रत कुणी दिली, कुणी घेतली, तारीख, वेळ, सही, शिक्का. आम्ही दोघी ठाण्यात चालत गेलो. ठाणे अंमलदारांनी आदेश वाचला, रजिस्टरला नोंद केली, आमचा भाग ज्यांच्याकडे आहे त्या बीट अंमलदारांना बोलावून पत्ता दाखवला. माझा नंबर त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये घेतला. या सगळ्याला पाऊण तास लागला. आता मॅडम त्यांच्याकडच्या प्रत्येक आदेशाला ती चौकट लावतात.

पुढच्या महिन्यात तो पतसंस्थेच्या दारात आला, पगाराच्या दिवशीच. मी ठाण्यात फोन केला, नाव सांगितलं. पलीकडून विचारलं, "आदेश मोडला ना ताई? बसून राहा, आलोच." मला पुन्हा पहिल्यापासून काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी गुन्हा दाखल झाला.

या कायद्यातलं कलम ११ मी वकीलबाईंकडून मागून वाचलं. विधी, गृह, आरोग्य या खात्यांच्या सेवांमध्ये समन्वय राहील आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेतला जाईल, हे सरकारचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलंय. माझं मागणं तेवढंच आहे. दर महिन्याला तालुक्यातले हे सगळे एका टेबलाशी बसावेत. दवाखान्यातल्या त्या सिस्टरही असाव्यात, कारण सगळ्यात आधी कळलं ते त्यांनाच. कुठल्या बाईचा कागद कुठे अडलाय, एवढं एकमेकांना विचारावं. आणि दोन तालुक्यांना एक अधिकारी देऊन, गाडी न देऊन, हे होणार नाही, तेही लिहून ठेवते.

मूळ केस अजून चालू आहे. एटीएम कार्ड बदलून घेतलंय.

एक गोष्ट कुणाच्याच फॉर्ममध्ये नव्हती. गेल्या गुरुवारी तो मुलीला न्यायला शाळेत गेला. बाईंनी मुलीला सोडलं नाही, पण ते त्यांच्या अंदाजाने. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. शुक्रवारी मी आदेशाची झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी ती वाचली, मुलीच्या वर्गशिक्षिकांना बोलावून दाखवली, आणि मी न मागताच दुसऱ्या प्रतीवर सही करून शिक्का मारून दिला.