दुवा शाबूत, मजकूर बदललेला

माझ्या लेखांतील दुवे तपासणारी स्क्रिप्ट मी आधी केवळ ४०४ (‘पान सापडले नाही’ हे उत्तर) शोधण्यासाठी लिहिली होती. परंतु पान जागेवर राहून आतला मजकूर बदलला, तर वाचकाची अधिक फसगत होते, हे ध्यानात आल्यावर तिचे काम वाढवले. आता ती मागच्या वेळचा ईटॅग, म्हणजे सर्व्हरने पानाच्या त्या आवृत्तीला दिलेली खूण, सोबत पाठवते आणि सर्व्हरने ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, असे उत्तर दिल्यास पान पुन्हा उतरवून घेत नाही. ईटॅग नसेल तेथे पानाचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा त्याचा गणिती ठसा, काढून जुन्याशी ताडून पाहते. एका पानाचा हॅश रोज बदलत असे, कारण तळाशी त्या दिवसाची तारीख छापलेली असे. म्हणून हॅश काढण्यापूर्वी मुख्य लेख तेवढा वेगळा करणे मला अत्यावश्यक वाटते. बदल महत्त्वाचा की किरकोळ, हे मात्र दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी स्वतः वाचूनच ठरवतो.