जर्मनीला निघालो आणि ओटीपीत अडकलो

आमचं भोसरीला छोटं सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) शेड आहे, टर्न्ड पार्ट्स म्हणजे लेथवर कातलेले सुटे भाग करतो, आणि त्यातलं निम्मं काम श्टुटगार्टजवळच्या एका कस्टमरचं. तो माणूस फोन करत नाही, व्हॉट्सॲप करत नाही, जे काय ते मेलवर. हिवाळ्यात त्यांच्या-आपल्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तो घरी जाता जाता सहाला ड्रॉइंग पाठवणार तेव्हा इथे साडेदहा वाजलेले आणि मी धायरीला घरात, जिथे माझ्या सिमला एकच काडी यायची, ती पण गॅलरीत उभं राहिलं तर. मेल आल्याचं दिसायचं पण पीडीएफ काही उघडायची नाही, नुसतं गोल गोल फिरत बसायचं.

३१ मार्च २०२५ पासून हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन होतं, तिकडे जायचं ठरलं. म्हटलं आता फोनही बदलू आणि सिमची कंपनीही. जुना फोन ३२ जीबीचा, बॅटरी दुपारी दोनला झोपायची.

पहिला गाढवपणा ८ मार्चला केला. नेटवर्कची तक्रार घेऊन सिमच्या कंपनीच्या दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, सर सिम जुनं झालंय, बदलून देतो. दिलं बदलून. नेटवर्क तसंच. सोमवारी वैतागून १९०० ला पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, मेसेज टाकला तर नकार. भाचा हिंजवडीला आयटीत आहे, त्याला विचारलं तेव्हा कळलं की १ जुलै २०२४ पासून नियम आहे, सिम बदललं की ७ दिवस पोर्ट करता येत नाही. तुमचा नंबर कोणी दुसऱ्यानेच सिम काढून पळवू नये म्हणून ते आहे आणि बरोबरच आहे, पण त्या पोराने सिम देताना एक शब्द बोलायला काय झालं होतं?

मग आठवडाभर गप्प बसलो. पोस्टपेडचं बिल राहिलं असेल तरी पोर्ट अडतं म्हणून ते भरून टाकलं. १७ ला परत मेसेज, या वेळी आठ अक्षरी कोड आला. तो ४ दिवसच चालतो म्हणून दुसऱ्याच दिवशी कर्वे रोडला नव्या कंपनीच्या दुकानात गेलो, आधार, फोटो, दहा मिनिटांत काम झालं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एकाच विभागात, असेल तर ३ वर्किंग डेज लागतात (मुंबईचं सर्कल वेगळं, तिकडचा नंबर इकडे आणायचा तर ५). २० च्या रात्री जुनं सिम मेलं आणि सकाळी नवं चालू. घरात हॉलमध्ये बसून ड्रॉइंग उघडलं! बायको म्हणाली एवढं काय त्यात, तिला काय सांगणार.

इथे थांबायला पाहिजे होतं. पण नवीन फोनमध्ये ई-सिमची (कार्ड न घालता फोनमध्येच भरायच्या सिमची) सोय होती आणि मला कोणीतरी सांगितलं की परदेशात सिम हरवायची भीती नको, ई-सिम करून घ्या. शुक्रवारी २८ ला दुपारी केलं. झालं पण पटकन. त्याच झटक्यात जुना फोन रीसेट मारून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. संध्याकाळी नवीन फोनवर कंपनीचं जीमेल लावायला घेतलं, त्याने नंबरवर कोड पाठवला. कोड येईना. परत पाठवला. येईना. बँकेच्या ॲपमध्ये कार्डचं इंटरनॅशनल चालू करायला गेलो तर त्याचाही ओटीपी नाही. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक टाळायला. हे त्या कंपनीच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं म्हणे, खाली.

परवा रात्री फ्लाइट, आणि कस्टमरचा सुधारित ड्रॉइंगचा मेल त्या शुक्रवारीच येणार होता. शेडमधल्या लॅपटॉपवर जीमेल उघडं असतं हे आठवलं, मग काय, रात्री साडेआठला गाडी काढली, धायरी ते भोसरी, शुक्रवारचं ट्रॅफिक, नाशिक फाट्यावर नुसती कोंडी. पोचायला सव्वा तास लागला. मेल वाचला, त्यात एवढंच होतं की ड्रॉइंग सोमवारी पाठवतो.

भाच्याला फोन करून रडगाणं गायलं तर तो शांतपणे म्हणतो, "मामा, एसएमएस बंद असला तरी कॉल चालू असतो ना, कोड कॉलवर मागवायचा, खाली पर्याय असतो." मी शेडच्या खुर्चीत बसून नुसता बघत राहिलो.

शनिवारी दुपारी एसएमएस सुरू झाले. पहिलं काम काय केलं तर गुगलचे बॅकअप कोड काढले, म्हणजे एसएमएस आला नाही तरी खातं उघडायला, १० मिळतात, ८ आकडी, एकेक एकदाच चालतो. खिशातल्या डायरीत लिहिले आणि एक कागद बायकोकडे दिला. कार्डचं इंटरनॅशनल पण चालू केलं.

डेटासाठी ५ जीबीचं ट्रॅव्हल ई-सिम, म्हणजे प्रवासापुरतं दुसरं ई-सिम, ऑनलाइनच घेतलं, कारण जर्मनीत प्रीपेड सिम घ्यायचं तर २०१७ पासून पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, त्यात वेळ कोण घालवणार. पुण्याच्या नंबरवर रोमिंग फक्त एसएमएस यावेत म्हणून चालू ठेवलं, डेटा रोमिंग बंद.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, दुपारी मुंबईला निघालो. फ्रँकफर्टला उतरलो तर नेट नाही. पाच मिनिटं घाम फुटला, मग लक्षात आलं की पैसे वाचवायला डेटा रोमिंग मी दोन्ही सिमचं बंद केलं होतं, आणि ट्रॅव्हल ई-सिम तर रोमिंगवरच चालतं. त्याचं तेवढं चालू केलं आणि मेल धडाधड आले. त्यातला पहिलाच गुगलचा, पोलंडमधून कोणीतरी तुमचं खातं उघडतंय. तो मीच होतो, या ई-सिमांचा डेटा भलत्याच देशातून फिरून येतो. मेलमधल्या लिंकवर बोट न लावता थेट खात्यात जाऊन 'होय, मीच' केलं, कोड मागितला तो डायरीतला दिला.

हॅनोव्हरच्या ट्रेनमध्ये बसलो आणि साडेआठला ड्रॉइंग आलं. आदल्याच दिवशी, रविवारी, तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली होती, म्हणजे फरक साडेतीन तासांचा आणि भोसरीत बारा. फोरमनला लगेच पुढे पाठवलं. तो म्हणाला, "साहेब, जेवायच्या आधी सेटिंग लावून टाकतो."