वीस वर्षांची मागील वर्गणी भरताना

नाशिकजवळच्या एका सरकारी कंपनीत मी १९८४ मध्ये लागलो आणि जून २०१८ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त झालो. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये मात्र सदस्यत्व अठ्ठावन्नाव्या वर्षीच संपते, त्यामुळे माझी पेन्शन जून २०१६ पासूनच, म्हणजे मी कामावर असतानाच, सुरू झाली होती. ती दरमहा २,८७० रुपये होती. वाढीव पेन्शनचा, म्हणजे ठरावीक मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर पेन्शन मिळण्याचा, पर्याय देऊन त्यासाठीची मागील वर्गणी भरण्याच्या प्रक्रियेतून मी जुलै २०२३ ते मार्च २०२५ या काळात गेलो. माझ्यासारखे कामगार आजही कागद घेऊन विचारायला येतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पेन्शन इतकी कमी का, याचे उत्तर वर्गणीच्या मर्यादेत आहे. कंपनी आमच्या भविष्य निर्वाह निधीसाठी पूर्ण पगारावर, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर, १२ टक्के भरत असे; पण त्यातील ८.३३ टक्के हिस्सा पेन्शन निधीत वळवताना पगार आधी ५,००० रुपये, २००१ पासून ६,५०० रुपये आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये इतकाच धरला जाई. पगार चाळीस हजारांच्या घरात गेला, तरी पेन्शन निधीत महिन्याला साडेबाराशेच जात होते. प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरण्याचा पर्याय मार्च १९९६ पासून नियमात होता. आमच्या खात्यात तो कोणी दिल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी पेन्शनपेक्षा हाती येणारी पीएफची रक्कम मोठी वाटे, त्यामुळे आम्हीही फारशी चौकशी केली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला आणि १ सप्टेंबर २०१४ रोजी सेवेत असलेल्यांना हा पर्याय नव्याने देण्याची मुभा मिळाली. माझे एक ज्येष्ठ सहकारी मे २०१४ मध्ये निवृत्त झाले होते. तीन महिन्यांच्या फरकाने ते बाहेर राहिले, आणि त्यांच्यासमोर या विषयावर बोलणे मला अजूनही जड जाते.

अर्जाची मुदत मार्चपासून वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत आली आणि मी ती जवळजवळ संपवली. आधारवर माझे नाव आधी, मग वडिलांचे, मग आडनाव असे होते. पीएफच्या नोंदीत आडनाव सुरुवातीला होते आणि वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर होते. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाच्या जुन्या सिमचा होता, त्यामुळे ओटीपी येईना. आधी आधार केंद्रावर क्रमांक बदलला, मग कंपनीमार्फत नावदुरुस्तीचे संयुक्त घोषणापत्र दिले, आणि अर्ज ६ जुलैला दाखल झाला. भाच्याने जेलरोडच्या घरी बसून तो भरून दिला. पावती निघाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

खरे काम त्यानंतरचे होते. नोव्हेंबर १९९५ पासून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत प्रत्येक महिन्याचा पगार कंपनीने संगणकावर भरून पाठवायचा होता. कंपनीने तयार केलेला तक्ता पाठवण्याआधी पाहायला मिळावा, अशी लेखी विनंती मी केली आणि तो मिळाला. त्यात जून २०१८ पर्यंतचे सगळे महिने होते. पण पेन्शन सुरू झाल्यानंतरची ती दोन वर्षे पेन्शनसाठी धरलीच जात नाहीत. ती तशीच राहिली असती, तर नसलेल्या देण्यावर व्याजासह रक्कम मागितली गेली असती. लेखा विभागातील तरुण कारकुनाला हे समजावून सांगितल्यावर त्याने ते चोवीस महिने काढले. त्याच्याकडे अशा शेकडो जणांचे तक्ते होते, त्यामुळे त्याला दोष देण्याची माझी इच्छा नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पीएफ कार्यालयाचे डिमांड लेटर, म्हणजे भरायची रक्कम कळवणारे पत्र, आले. रक्कम ६ लाख ५८ हजार रुपये होती आणि ती तीन महिन्यांत भरायची होती. माझ्या स्वतःच्या हिशेबापेक्षा ती सुमारे पन्नास हजारांनी कमी होती. मित्र म्हणाले, "कमी आली ना, मग भरून मोकळे व्हा." पण ही वर्गणी ज्या पगारावर मोजली जाते, त्याच पगारावर पेन्शनही मोजली जाते, म्हणून मी पगाराच्या पावत्या काढल्या. २००३ पूर्वीच्या पावत्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या होत्या आणि त्यांची शाई इतकी उडाली होती, की उन्हात तिरप्या धरून वाचाव्या लागल्या. सुदैवाने चूक तिकडे नव्हती. २०१३ आणि २०१४ मधील सलग चौदा महिन्यांत तक्त्यात फक्त मूळ वेतन धरले होते आणि महागाई भत्ता, जो तेव्हा दरमहा सतरा हजारांच्या आसपास होता, गळला होता.

पेन्शनचे सूत्र असे आहे: शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. वीस किंवा अधिक वर्षे सेवा असल्यास दोन वर्षे जादा मिळतात, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीची व नंतरची सेवा वेगवेगळी मोजली जाते. साठ महिन्यांतील चौदा महिन्यांचा भत्ता नसल्याने सरासरी जवळजवळ चार हजारांनी खाली आली होती आणि त्यामुळे पेन्शन दरमहा सुमारे तेराशेने घटणार होती. पन्नास हजार वाचवून आयुष्यभर महिन्याला तेराशे सोडायचे, हा व्यवहार मला मान्य नव्हता. त्या चौदा पावत्यांच्या साक्षांकित प्रती आणि त्या वर्षांचे फॉर्म १६ (पगार व कापलेल्या कराचा दाखला) जोडून मी कंपनीला दुरुस्तीचे पत्र दिले. आपले देणे वाढवून द्या, असा अर्ज आयुष्यात प्रथमच करत होतो. पाच आठवड्यांनी दुसरे पत्र आले: ७ लाख ८ हजार.

ही रक्कम भरावी की नाही, यावर घरात पंधरा दिवस चर्चा झाली. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पीएफ घराच्या कर्जात आणि मुलीच्या लग्नात केव्हाच गेला होता, त्यामुळे बँकेतली ठेव मोडावी लागणार होती. भरलेले भांडवल वारसाला परत मिळत नाही. माझ्यानंतर पत्नीला निम्मी पेन्शन मिळेल, इतकेच. दुसऱ्या बाजूला, जून २०१६ पासूनचा फरक एकदम मिळणार होता आणि तो भरलेल्या रकमेपेक्षा जास्त होता. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, म्हणजे आजचा आकडा दहा वर्षांनीही तोच राहणार, हे पत्नीने दोनदा विचारून घेतले. मग तीच म्हणाली, "तुमच्यानंतर ठेवीचा हिशेब मला जमायचा नाही, दर महिन्याला खात्यात येतील ते बरे." माझ्या एका विधुर सहकाऱ्याने विचार करून रक्कम भरली नाही, आणि त्याच्या परिस्थितीत मीही कदाचित भरली नसती. काही जण किमान पेन्शन १,००० वरून ७,५०० करण्याच्या मागणीचा निकाल लागेपर्यंत थांबा, असे सुचवत होते. पण ते आंदोलन वेगळे आणि हा पर्याय वेगळा, एकासाठी दुसरा रोखून धरण्याचे कारण नव्हते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रक्कम भरली. पुढचे चार महिने फक्त वाट पाहण्याचे होते. मार्च २०२५ मध्ये नवीन पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आला, त्यात पेन्शन ११,१९० रुपये झाली होती. फरक सुमारे पावणेनऊ लाख झाला, तो खात्यात आला कर कापूनच. इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: हा फरक नऊ वर्षांचा असला, तरी आला त्या एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरला जातो, आणि माझ्या वेळी त्यावर आयकर कायद्याच्या कलम ८९ ची सवलत हवी असेल तर विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागत होता. माझ्या कर सल्लागाराने तो विवरणपत्राच्या आदल्या दिवशी भरला. कापलेल्या करापैकी बराचसा परत आला आणि तो मोडलेल्या ठेवीच्या जागी नव्या ठेवीत ठेवला.

पीपीओवर पत्नीची जन्मतारीख चुकलेली आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे.