श्राउडच्या तारांवर पाइप चढवताना

श्राउड म्हणजे शिडाच्या बोटीची डोलकाठी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा. त्यांच्यावरचे हे पाइप तारेसाठी नसतात, त्यांवर घासणाऱ्या शिडासाठी आणि दोरासाठी असतात. तार उघडीच बरी. स्टेनलेस स्टीलला हवा लागते. खारं पाणी आत कोंडून राहिलं की स्टील बारीक फटींतून गंजतं, आणि वर पाइप असल्यामुळे दिसतही नाही. म्हणून तार गच्च गुंडाळायची नाही, असं आधीच ठरवलं.

माझ्या बोटीच्या तारा १९ पदरी, ४ मिमी जाडीच्या. जिब, म्हणजे पुढचं शीड, दोन्ही बाजूंना ताणून त्याचा दोर तारेला कुठे घासतो तिथे खूण केली आणि त्यावर ३० सेंमी जादा धरले. टर्नबकलपासून (तारेच्या खालच्या टोकाचा, ताण कमीजास्त करायचा आट्यांचा भाग) मोजल्यावर लांबी १.४ मीटर आली. चार तारा, म्हणजे ५.६ मीटर, ६ मीटर पाइप पुरला.

आधी पाइप उभा चिरून तारेवर बसवला होता. काम दहा मिनिटांचं, पण उन्हाने चीर फाकली आणि वळताना जिबच्या दोराची गाठ नेमकी तिच्यात अडकली. मग अखंड पाइप घेतला, आतून १२ मिमीचा, कारण तारेच्या टोकाला दाबून बसवलेला जाड भाग त्यातून जायला हवा. हे न मोजता पाइप आणू नका.

अखंड पाइपासाठी टर्नबकल सोडावं लागतं. एका वेळी एकच तार! सोडण्यापूर्वी शीड चढवायचा दोर त्याच बाजूच्या चेनप्लेटला (तार जिथे बोटीला जोडतात ती पट्टी) बांधून ताणला, म्हणजे डोलकाठीला आधार राहतो. टर्नबकलचे आटे किती फिरवले ते लिहून ठेवलं; नाहीतर पुन्हा तोच ताण आणताना नुसता अंदाजाचा खेळ होतो.

पाइपाच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या. खालच्या कडेला दोन खाचा पाडल्या, कारण पाइप टर्नबकलवर सपाट टेकला की पाणी तुंबतं. वर भोक पाडलेलं सैल रबरी बूच. त्याने खडखड थांबते आणि पाइप दोराबरोबर मोकळा फिरतो. चिकटपट्टी फक्त टर्नबकल सुटू नये म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनच्या टोकांवर, एक वेढा. अख्ख्या टर्नबकलला पट्टी गुंडाळलेली बोट दिसली की मला धास्ती वाटते.

महिन्यातून एकदा पाइप वर सरकवून तारेवरून कापूस फिरवतो. उघडं बोट फिरवू नये, तुटलेला पदर सुईसारखा घुसतो. कापूस अडकला, किंवा दाबून बसवलेल्या टोकाच्या तोंडाशी भेग दिसली, तर तार बदलायची. तपकिरी डाग पुसूनही परत आला तरी तेच.