बाकी चाराणे

स्मरणिकेसाठी लिहाल का, असा फोन आला आणि मी लगेच हो म्हणून बसलो. शाळेची इमारत, प्रयोगशाळा, गॅदरिंग यांवर बाकीचे लिहितीलच. मला शाळा म्हटली की गणिताच्या बाईच दिसतात, आणि त्याही वर्गात नाही, नागपुरातल्या मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर.

बाबा छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, वर्कशॉपमध्ये फिटर. बाई आमच्याच लाईनीत, चार दारं सोडून. कुणाकडे सांबारवडी झाली की वास आधी पोचायचा, ताट मागून. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, वीस दिवस. त्यानंतर कितीतरी महिने बाईंनी लाईनीतल्या पोरांकडून शिकवणीचा पैसा घेतला नाही. हे आईनं मला फार पुढे सांगितलं.

त्याच वर्षीचा तान्हा पोळा, लहान मुलांचा. सकाळी घरी न सांगता आम्ही तिघं कमाल चौक, गोळीबार चौक करत इतवारीत इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतींची मिरवणूक पाहायला गेलो. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत भेटल्या तेव्हा 'घेऊन जाय गे मारबत' इतकं ओरडलो, की परतेस्तोवर घसा पार बसला. संध्याकाळी लाकडी बैल ओढत बाईंच्या दारात. बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायचा तर त्यांच्याकडे आधी पाढा म्हणावा लागे. मला तेवीसचा आला.

तोंडातून हवाच.

"काऊन रे, मारबतीनं आवाजही नेला का?" म्हणत त्यांनी खडू हातात दिला. मी ओट्याच्या फरशीवर उकिडवा बसून लिहिला. बाईंनी बोट ठेवलं ते सातव्या ओळीवर. मी १५१ लिहिले होते. खाली १८४ बरोबर.

"इथं चुकलास, तर खाली बरोबर कसा आलास? पाठ केलंस, मिळवलं नाहीस." अंगठ्यानं तेवढा पाच पुसला, सहा मात्र लिहून दिला नाही. बाकीच्यांना आठाणे, मला चाराणे. "आवाज आला की उरलेले घेऊन जा."

पुढे मी ऑडिटमध्ये पस्तीस वर्षं काढली. थोडी फुशारकी मारतो: ताळेबंद जुळलेला दिसला की मला आधी संशय येतो, आणि दोन मोठ्या अफरातफरी मी बरोबर आलेल्या बेरजेवरूनच पकडल्या. साहेबांनी कौतुक केलं तेव्हा मी बाईंचं नाव सांगितलं. त्यांना वाटलं, कुणी मोठ्या अधिकारी असतील.

गेल्या वर्षी नातीला मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम दाखवायला नेलं. तिला इंजिन आवडलं. मी आपला हात मागे बांधून उभा. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ ला गेली, नागभीडची २०१९ ला. क्वार्टरकडे वळलो, पण ओळखीचं दार एकही नाही. ओट्यावर बसायला आता कोणाला वेळ आहे म्हणा! नातीला तेवीसचा पाढा विचारला, तर तिनं मोबाईल काढला.

बाई गेल्या तेव्हा मी मुंबईत होतो. मार्चअखेर होती, निघता आलं नाही. खरं तर निघता आलं असतं.

ते चाराणे मी कधी मागायला गेलोच नाही. आवाज दोन दिवसांत आला, पण तेव्हा लाज वाटली. मग २०११ मध्ये चाराण्याचं नाणंच बंद झालं. माझ्या वहीत ते अजून येणे बाकी आहेत.